वाचकांचे प्रश्न : फवारणीचे विष अंगात किती गेले, हे कसे मोजतात?

मागील अंकात फवारणीच्या हंगामात घ्यावयाच्या काळजीविषयी एक टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत काळजीपेक्षा मोजमापाविषयी अधिक विचारणा आहे: अंगावर किती पडले, आत किती गेले, आणि हे कोणत्या तपासणीतून कळते? त्यांतील सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. शेतकरी बोलताना कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. पत्रांतला तो शब्द तसाच ठेवला आहे आणि उत्तरांतही तोच वापरला आहे.

प्रश्न : कपाशीवर फवारणी करून आल्यावर आमच्या सालगड्याला चक्कर, मळमळ आणि दरदरून घाम असा त्रास झाला. तालुक्याच्या गावी नेऊन रक्त तपासले, तर कोलिनएस्टरेज ‘नॉर्मल’ आले. तो मात्र आठ-दहा दिवस उठून काम करू शकत नव्हता. अहवाल चुकला असे समजावे काय? (एक शेतकरी, राळेगाव, जि. यवतमाळ)

अहवाल बरोबर असेल आणि तरीही सालगड्याला विषबाधा झालेली असेल, असे होऊ शकते. त्यासाठी ही तपासणी नेमके काय मोजते ते पाहावे लागेल.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन निरोप पोहोचताच मोडून टाकायचे, हे कोलिनएस्टरेज या एन्झाइमचे काम असते. या गटातील औषधे ते एन्झाइमच निकामी करतात. मग निरोप साचत जातात, आणि घाम, लाळ, डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास अडकणे अशा क्रमाने बाधा वाढते. म्हणजे या तपासणीत रक्तातले औषध मोजले जात नाही. औषधाच्या तडाख्यातून किती एन्झाइम वाचले, ते मोजले जाते.

अडचण अशी की निरोगी माणसांतही या एन्झाइमची पातळी एकमेकांपासून पुष्कळ वेगळी असते, त्यामुळे प्रयोगशाळेने ‘नॉर्मल’ म्हणून छापलेली मर्यादा फार रुंद ठेवावी लागते. समजा, ती ५,००० ते १२,००० एकक आहे, आणि आपल्या सालगड्याची हंगामापूर्वीची पातळी १०,००० होती. फवारणीनंतर ती ६,००० वर आली, तर ४० टक्के एन्झाइम निकामी झाले. अहवालात मात्र ‘नॉर्मल’च छापून येईल. उलट ज्याची मूळ पातळीच ५,२०० आहे, त्याचा आकडा जरासा घसरला तरी अहवालात लाल खूण होईल. माणसाच्या आजच्या आकड्याची तुलना त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशीच करावी लागते, आणि तो कालचा आकडा आपल्याकडे कुणाचाच नसतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून याच तत्त्वावर नियम आहे. ऑर्गनोफॉस्फेट आणि (याच एन्झाइमला अडवणाऱ्या) कार्बामेट गटांतील अधिक विषारी औषधे नियमित हाताळणाऱ्या मजुराची मूळ पातळी हंगामापूर्वी नोंदवून ठेवावी लागते. पातळी त्याच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेली तर कामाच्या पद्धतीत काय चुकते आहे ते मालकाने तपासायचे. तांबड्या पेशींतील एन्झाइम ७० टक्क्यांपर्यंत किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांपर्यंत घसरले, तर मजुराला त्या कामावरून काढून दुसरे काम द्यायचे, आणि पातळी पुन्हा ८० टक्क्यांवर चढेपर्यंत परत घ्यायचे नाही.

एन्झाइम रक्तात दोन ठिकाणी मोजतात, हेही ध्यानात घ्यावे. रक्तद्रवातील एन्झाइम लवकर घसरते आणि काही आठवड्यांत भरून येते, परंतु यकृताचा आजार, कुपोषण किंवा गरोदरपण यांनीही ते कमी होते. तांबड्या पेशींतील एन्झाइम मज्जातंतूंतील अवस्थेचे अधिक खरे प्रतिबिंब दाखवते आणि ते नव्या पेशी तयार होतील तसतसेच, म्हणजे दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच तपासणी होते. अहवालावर ‘सीरम’ किंवा ‘प्लाझ्मा’ असे लिहिले असेल, तर ती पहिली समजावी.

राहिला प्रश्न औषध कोणते होते याचा, आणि तोच पुष्कळदा विचारला जात नाही. २०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर राज्य सरकारने पाच औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली: मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, आणि डायफेंथियुरॉन. यांपैकी पहिल्या तिघांतच ऑर्गनोफॉस्फेट आहे. शेवटच्या दोघांमुळे माणूस गंभीर आजारी पडला तरी कोलिनएस्टरेज जागचे हलणार नाही. कार्बामेट गटात आणखी निराळा पेच असतो: तिथे एन्झाइम काही तासांत आपोआप मोकळे होते, त्यामुळे दुपारी बाधा झालेल्या माणसाचे रक्त दुसऱ्या दिवशी घेतले तर त्यात काहीच आढळत नाही.

तेव्हा पुढील हंगामात पहिली फवारणी होण्यापूर्वी, शक्यतो मे महिन्यात, आपली आणि सालगड्याची पातळी तपासून कागद जपून ठेवावा, आणि नंतरची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण मोजण्याची पद्धत बदलली की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. बाधा झालीच तर अहवालाची वाट पाहत बसू नये. डॉक्टर लक्षणे पाहूनच ॲट्रोपिन हा उतारा सुरू करतात आणि तेच योग्य आहे.

प्रश्न : आमची द्राक्षे निर्यातीला जातात. पेटी निघण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत जाऊन शेकडो औषधांचे अंश तपासले जातात. विरळणी आणि डिपिंग (घड वाढनियंत्रकाच्या द्रावणात बुडवणे) करणाऱ्या बायका मात्र हंगामभर त्याच पानांत हात घालून उभ्या असतात. फळ मर्यादेत बसले म्हणजे त्याही सुरक्षित, असे धरता येईल का? (एक बागायतदार, निफाड, जि. नाशिक)

धरता येणार नाही. फळातील अंशाची तपासणी ही खाणाऱ्यासाठी असते: एक किलो फळात किती मिलिग्रॅम औषध उरले, एवढेच ती सांगते, आणि तेही काढणीच्या सुमारास, फवारणी थांबून बरेच दिवस लोटल्यावर. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला, तेव्हापासून ही शिस्त आणखी कडक झाली. विरळणीचे काम मात्र काढणीच्या कितीतरी आधी, फवारण्या ऐन जोरात असताना चालते. पेटीला जेवढे कागद लागतात त्यांच्या शंभराव्या हिश्शानेही त्या पेटीतला घड घडवणाऱ्या बाईसाठी लागत नाहीत, हे आपल्या पत्रात न लिहिलेले पण जाणवणारे निरीक्षण आम्हांला रास्त वाटते.

त्यांच्या संपर्काचे मोजमाप करण्याची रीत निराळी आहे आणि ती पानापासून सुरू होते. ठरावीक मापाच्या पंचाने पानांच्या चकत्या पाडतात, त्या साबणासारखे द्रव्य मिसळलेल्या पाण्यात हलवतात आणि त्या पाण्यात किती औषध उतरले ते मोजतात. पानाच्या आत मुरलेले यात धरत नाहीत. पृष्ठभागावरून हाताला लागू शकेल तेवढेच धरतात. दुसरा आकडा कामाचा असतो: त्या कामात तासाभरात पानाच्या किती चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावरचे औषध अंगावर येते. नुसते फिरून पाहणी करणाऱ्याचा हा आकडा लहान असतो, तर हात उंच करून घडाघडाला हात लावणाऱ्याचा मोठा. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. पानावर दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम औषध आहे, कामाचा आकडा तासाला ५,००० आहे आणि काम सात तास चालले, तर अंगावर ७,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ७ मिलिग्रॅम औषध आले. त्यातला काही भागच कातडीतून आत जातो. पण हा हिशेब एका दिवसाचा झाला, आणि विरळणी काही एका दिवसात आटपत नाही.

पानावरचे औषध किती दिवसांत उतरते हे औषधावर, उन्हावर आणि पावसावर अवलंबून असते. म्हणून फवारणीनंतर बागेत किती काळ शिरू नये याची मुदत औषधागणिक वेगळी असते आणि ती काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीपेक्षा, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या अंतरापेक्षा, भिन्न असते. या दोन मुदतींची गल्लत अनेक अनुभवी बागायतदारांकडूनही होते. फवारणीचा ब्लोअर फिरवला त्याच दिवशी दुपारी बायकांना मांडवाखाली पाठवणे टाळावे, आणि पाने दवाने ओली असताना तर मुळीच पाठवू नये.

प्रश्न : आम्ही कृषी पदविकेचे विद्यार्थी आहोत. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर प्रत्यक्ष किती औषध पडते, हे आम्हांला एखाद्या प्रकल्पातून मोजता येईल का? (परभणी)

जगभर रूढ असलेली जुनी रीत ठिगळांची आहे. दहा सेंटीमीटर लांब-रुंद सुती कापडाची किंवा शोषक कागदाची ठिगळे टोपीवर, छातीवर, पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर लावतात. काही कपड्याच्या वर आणि काही आत. फवारणी आटोपली की ती काढून प्रयोगशाळेत त्यांतले औषध मोजतात आणि त्या त्या अवयवाच्या क्षेत्रफळाने गुणतात. आतल्या-बाहेरच्या ठिगळांतील फरकावरून कापडाने किती अडवले तेही कळते. हातांसाठी सुती हातमोजे किंवा हात धुतलेले पाणी तपासतात. श्वासाचा भाग मोजायचा तर कॉलरजवळ शोषनळी अडकवून कमरेच्या छोट्या पंपाने हवा ओढतात. परंतु उघड्या शेतात श्वासापेक्षा कातडीतून जाणारा वाटा सहसा कितीतरी मोठा असतो, आणि तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले ही समजूत येथेच तोकडी पडते.

या रीतीत एक खोट आहे. औषध सगळीकडे सारखेच पडले असे ती गृहीत धरते. पाठीवरच्या पंपाचे झाकण गळत असेल आणि ओघळ दोन ठिगळांमधून कमरेत उतरला, तर मोजमापात तो येणारच नाही. म्हणून पुढे अंगभर सुती आतले कपडे घालून नंतर त्यांचे तुकडे तपासण्याची पद्धत आली, आणि १९८० च्या दशकात औषधाच्या पाण्यात चमकणारे द्रव्य मिसळून, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली मजुराच्या अंगावरचे डाग पाहण्याची.

आपल्याला यंत्रसामग्री नसतानाही त्याची एक देशी आवृत्ती करता येईल. स्वच्छ धुतलेल्या, शक्यतो नव्या पंपात नुसते पाणी आणि कपड्यांची नीळ घालावी, जुना पांढरा सदरा-पायजमा घालावा आणि नेहमीच्या सवयीने अर्धा तास फवारावे. औषध अर्थातच घालू नये. मग पाठीवरचे निळे डाग गळका पंप दाखवतात, मांडीवरचे डाग ओल्या पऱ्हाटीतून चालणे दाखवतात, आणि बाहीवरचे डाग वाऱ्याकडे तोंड करून फवारणे. एक पाळी छातीइतक्या उंच कपाशीत आणि एक गुडघ्याएवढ्या पिकात करून दोन्ही सदरे शेजारी शेजारी टांगले, तर आकडे नसले तरी तुलना होईल.

डाग कुठे आहे यालाही महत्त्व आहे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी स्वयंसेवकांच्या कातडीवर पॅराथिऑन या ऑर्गनोफॉस्फेट औषधाची अल्प मात्रा लावून लघवीवाटे किती बाहेर पडते ते पाहिले गेले. हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२, कपाळातून ३६, काखेतून ६४, आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच औषध शरीरात गेले होते. ओला पायजमा दिवसभर अंगावर वागवणाऱ्याने हा शेवटचा आकडा विसरू नये. प्रकल्पाच्या अहवालात तो अवश्य लिहावा. लाजेखातर गाळू नये.

प्रश्न : फवारणीनंतर दूध पिऊन वा गूळ खाऊन विष उतरते, असे आमच्याकडे सांगतात. तपासणीत तसा फरक दिसतो का? (अकोला)

दिसत नाही. एन्झाइमला चिकटलेले औषध दुधाने किंवा गुळाने सुटत नाही. कातडीवर आणि कपड्यांत उरलेले औषध साबण-पाण्याने काढल्यास पुढचा शिरकाव मात्र खरोखर थांबतो, म्हणून दुधाआधी अंघोळ.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावात घराच्या भिंतीला लागून कपाशी आहे. गरोदर बायका आणि लहान मुले फवारणी करत नाहीत, पण वास सगळ्यांना येतो. त्यांची लघवी तपासून काही समजेल का? (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

ताई, समजू शकते, परंतु एका नमुन्यावरून एका बाईविषयी फार थोडे. ऑर्गनोफॉस्फेट औषधे शरीरात मोडून त्यांचे अवशेष बहुतांशी एक-दोन दिवसांत लघवीतून निघून जातात. सोमवारी फवारणी झाली आणि शुक्रवारी नमुना घेतला, तर गाडी स्टेशनातून गेलेली असते. शिवाय लघवी दाट की पातळ यावर आकडा बदलतो, म्हणून लघवीतून रोज साधारण सारखेच बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्याशी त्याचे प्रमाण लावावे लागते. आणखी एक गुंता असा की हेच अवशेष भाजीपाल्यावर आधीच मोडलेल्या औषधातूनही पोटात येतात. त्यामुळे लघवीत ते सापडले याचा अर्थ तेवढे जिवंत विष शरीरात गेले होते, असा निघेलच असे नाही. क्लोरपायरीफॉससारख्या काही औषधांचे स्वतःचे ओळखता येणारे अवशेष असतात. सायपरमेथ्रिनच्या गटाचाही एक सामाईक अवशेष असतो. त्यांवरून निदान औषधाचा माग लागतो.

तरीही पुष्कळ माणसांचे, पुन्हा पुन्हा घेतलेले नमुने बोलके ठरतात. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, जिथे मैलोन्‌मैल भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी पिकते आणि मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे असतात, बर्कली येथील विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि सहकाऱ्यांनी १९९९-२००० मध्ये सुमारे ६०० गरोदर स्त्रियांची नोंदणी केली. गरोदरपणात दोनदा लघवीचे नमुने घेतले आणि नंतर मुलांना वर्षानुवर्षे तपासत राहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांच्या आयांच्या लघवीत अवशेष सर्वांत जास्त होते त्या पाचव्या हिश्शातील मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अवशेषांच्या हिश्शापेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. हा गटाचा निष्कर्ष आहे. अमुक एका बाईच्या अहवालावरून तिच्या बाळाचे भाकीत कुणी करू नये, आणि तिला घाबरवूही नये.

आपल्या गावापुरते पाहिले तर मुलांकडे औषध येण्याच्या वाटा वासापेक्षा अधिक घट्ट आहेत: बाबांचे फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले जाणे, पंप आणि डबे घरातच ठेवणे, रांगत्या मुलाचे हात ओसरीच्या धुळीत जाणे. परदेशांतील शेतमजुरांच्या घरांत धुळीचे नमुने तपासून हीच वाट सिद्ध झाली आहे. लघवीच्या महागड्या तपासणीआधी आपण घरोघर एवढेच विचारून लिहून ठेवलेत, की औषध कुठे ठेवले आहे आणि ते कपडे कोण, कुठे धुते, तरी ते अर्धे मोजमाप होईल. कपडे धुणारी बहुतेकदा तीच गरोदर बाई असते.

प्रश्न : आम्ही काही तरुण आणि एक निवृत्त शिक्षक मिळून गावाचे मोजमाप करू इच्छितो. पैसे नाहीत. काय करता येईल? (जि. वर्धा)

वही घ्या. हे थट्टेने लिहिलेले नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ ते १९९७ या काळात सुमारे ५२,००० परवानाधारक फवारणीकर्त्यांना एका दीर्घ अभ्यासात सामील करून घेतले गेले, आणि त्याचा पाया रक्त-लघवी नव्हे, तर प्रश्नावली हा होता: कोणते औषध, किती वर्षे, वर्षातून किती दिवस, स्वतः कालवले का, कोणत्या साधनाने फवारले, नोझल तुंबल्यावर स्वतः दुरुस्त केले का, हातमोजे होते का. या उत्तरांना गुण देऊन प्रत्येकाच्या संपर्काची तीव्रता ठरवली गेली, आणि थोड्या लोकांच्या प्रत्यक्ष मोजमापाशी ती ताडूनही पाहिली गेली. स्मरणशक्तीवर विसंबणे ही त्याची उणीव. आपण त्याच दिवशी लिहिलेत तर ती उणीवही बरीच टळेल.

आपल्याकडच्या वहीत आणखी काही रकाने हवेत. पंप पाठीवरचा हाताचा, बॅटरीचा की पेट्रोलचा. पिकाची उंची माणसाच्या कुठवर. एका पंपात किती औषधे एकत्र कालवली. फवारणीची वेळ आणि ऊन. किती पंप मारले. मजूर स्वतःच्या शेतात होता की रोजाने. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण शेतमालक वर्षातून आठ-दहा दिवस फवारतो, तर रोजाने फवारणारा तोच हंगाम वेगवेगळ्या शेतांतून सलग काढतो, आणि मालकांच्या नोंदी एकत्र केल्याशिवाय त्याचा आकडा कुठेच उमटत नाही. बाटलीवरील चौकोनातल्या खालच्या त्रिकोणाचा रंगही लिहावा: लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा रंग एकदाच तोंडावाटे गेलेल्या मात्रेच्या घातकतेवर मुख्यतः ठरतो. रोज थोडे थोडे कातडीतून जाण्याचा हिशेब त्यात नाही, त्यामुळे निळा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नये.

थोडे पैसे जमले, तर सिलिकॉनच्या मनगटपट्ट्यांचा विचार एखाद्या विद्यापीठाच्या साह्याने करता येईल. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की अशी साधी पट्टी काही दिवस मनगटावर ठेवली तर आसपासची रसायने तिच्यात मुरतात आणि नंतर ओळखता येतात. पुढे सेनेगलमधील शेतकऱ्यांनीही त्या वापरल्या. सुई नाही, थंड पेटी नाही, हे त्यांचे सोयीचे अंग. पट्टीत मुरलेले म्हणजे शरीरात गेलेले नव्हे, ही मर्यादा.

कायद्याची बाजूही माहीत असू द्यावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत औषधे हाताळणाऱ्या आणि फवारणाऱ्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीची, आणि ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेटच्या बाबतीत कोलिनएस्टरेज मोजण्याचीही तरतूद आहे, आणि १९६८ च्या कायद्याच्या कलम २६ खाली विषबाधेच्या घटना कळवणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. रोजाने फवारणाऱ्या मजुराला ‘कामगार’ म्हणून कुणी मोजतच नसल्याने ही तरतूद शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही, असे आमचे मत आहे. ग्रामसभेत मे महिन्यातच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मूळ पातळीच्या तपासणी शिबिराची मागणी करणारा ठराव करता येईल, आणि त्या ठरावाला आपल्या वहीतील रोजंदारांची संख्या जोडावी.

वहीसोबत एक सवय लावा. बाटली संपली की तिचे लेबल किंवा सोबतचे माहितीपत्रक तारीख टाकून वहीत चिकटवा. रात्री अकराला कुणाला उलट्या सुरू झाल्या, १०८ ची गाडी आली आणि रुग्णालयात विचारले गेले की काय फवारले होते, तर ‘पांढऱ्या डब्यातले’ असे उत्तर द्यावे लागणार नाही.